शुश्रूषा म्हणजे ऐकणे : स्मृतिभ्रंशाच्या इतिहासातील हरवलेला संवाद

रुग्णसेवेसाठी मराठीत 'शुश्रूषा' हा शब्द रूढ आहे. तो संस्कृतातील 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचे म्हणणे ऐकण्याची इच्छा, त्यातून आज्ञाधारकपणा, त्यातून सेवा आणि शेवटी आजाऱ्याची सेवा, असा या शब्दाचा प्रवास झाला. आज तो उच्चारताना अंथरूण, औषध, पथ्यपाणी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ऐकणे त्यातून गळून गेले आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया झालेल्या माणसांच्या देखभालीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तेथेही असेच काहीसे घडलेले दिसते. प्रारंभी ऐकणे होते, मग ते हरवले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस काही माणसांनी ते कष्टाने परत आणले. प्रस्तुत लेखात आम्ही या इतिहासाचा मागोवा घेणार आहोत. आम्ही वैद्यकाचे अभ्यासक नव्हे, साहित्याचे अध्यापक आहोत. पण हा इतिहास बऱ्याच अंशी संवादाचा, संबोधनाचा आणि सर्वनामांचा इतिहास आहे आणि म्हणून तो आपल्याही अभ्यासाचा विषय ठरतो, असे आमचे मत आहे.

धारिका आणि काचपट्टी

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. रुग्णालयातील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव विचारल्यावर तिने आपले नाव सांगितले. आडनाव विचारल्यावर पुन्हा तेच सांगितले. पतीचे नाव विचारल्यावरही, थोडे घुटमळून, तेच. पेन्सिल, किल्ली, सिगार या वस्तू तिने बरोबर ओळखल्या. जेवताना मात्र पानात फुलकोबी आणि डुकराचे मांस असताना आपण पालक खात आहोत असे ती म्हणाली. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तेव्हा 'श्रीमती' एवढे लिहून ती थांबली. पुढचे तिला आठवेना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा आशयाचे तिचे उद्गारही या धारिकेत नोंदलेले आहेत.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांच्याकडे पाठवण्यात आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना मेंदूत विशिष्ट प्रकारचे थर आणि पेशींच्या आतील गुंतलेले तंतू दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. १९०७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला 'अल्झायमरचा आजार' असे नाव दिले.

त्या स्त्रीच्या वाट्याला दोन प्रकारची कागदपत्रे आली होती : एक संवाद आणि दुसरी काचपट्टी. वैद्यकाने काचपट्टी उचलली. संवादाची धारिका मात्र फ्रँकफर्टच्या दप्तरात कोठेतरी पडून राहिली. ती सापडली थेट डिसेंबर १९९५ मध्ये आणि तिच्यातील मजकूर १९९७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नव्वदाहून अधिक वर्षे जग या स्त्रीच्या मेंदूविषयी बोलत होते. तिचे बोलणे त्यानंतर वाचले गेले.

येथे अल्झायमर यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांनी ऐकले होते, शब्दही टिपले होते. पण ते ऐकणे परीक्षकाचे होते. उत्तर चुकले की नोंद पूर्ण होई. त्या उत्तराला प्रत्युत्तर देण्याचे प्रयोजन तेथे नव्हते. साहित्याच्या वाचकाला मात्र या चुकलेल्या उत्तरांतही काही दिसते. प्रत्येक प्रश्नाला जी स्त्री आपलेच नाव सांगते, ती हातात उरलेला एकमेव ऐवज घट्ट धरून बसली आहे, असेही ते वाचता येते. वाक्य तेच, ऐकण्याचे हेतू दोन.

'म्हातारचळा'चा आजार होतो

अल्झायमर यांच्यानंतर अनेक दशके हा आजार पन्नाशी-साठीच्या आत होणारा एक दुर्मीळ विकार मानला गेला. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचे विसरणे हे निव्वळ वार्धक्य समजले जाई. आपल्याकडची 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण काय किंवा 'म्हातारचळ' हा शब्द काय, याच समजुतीची रूपे आहेत. १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे डेव्हिड रॉथचाइल्ड यांनी एक विसंगती दाखवली. काहींच्या मेंदूत बिघाड फार, पण हयातीतले वागणे तुलनेने शाबूत. काहींच्या बाबतीत नेमके उलटे. माणसाचे व्यक्तिमत्त्व आणि त्याची परिस्थिती मेंदूतील हानी किती पेलते, हाही प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९६८ मध्ये न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी मेंदूतील थरांचे प्रमाण आणि स्मृतिभ्रंशाची तीव्रता यांत संबंध असल्याचे दाखवले आणि पारडे पुन्हा काचपट्टीकडे झुकले. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात असे प्रतिपादन केले, की पन्नाशीतला 'अल्झायमर' आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश यांत भेद करण्यास आधार नाही. एका लेखणीच्या फटकाऱ्याने दुर्मीळ विकार लक्षावधींचा आजार झाला.

याचा लाभ मोठा होता. ज्याला लोक हेकटपणा, वेड, कर्मभोग म्हणत, त्याला आजाराचे नाव मिळाले; संशोधनाला पैसा मिळाला; कुटुंबांच्या मनावरचा अपराधभाव थोडा हलका झाला. त्या संशोधनाचे फळ आज अगदी अल्प प्रमाणात हाती येत आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध आजाराच्या आरंभीच्या अवस्थेत ऱ्हासाची गती काहीशी मंदावते. तो थांबवत नाही. म्हणजे आजही मधली सारी वर्षे देखभालीवरच काढायची असतात. आणि आजार म्हटल्यामुळे देखभालीच्या वाट्याला जे आले ते मुख्यतः वाट पाहणे होते : औषध येईपर्यंत अंग स्वच्छ ठेवा, पोटात अन्न जाऊ द्या, पडू देऊ नका.

संवादाचे काही प्रयोग त्याही काळात झाले. १९६० च्या दशकात जेम्स फोल्सम यांनी अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात 'वास्तवाचे भान' देण्याची पद्धत विकसित केली. आज वार कोणता, ऋतू कोणता, आपण कोठे आहोत, हे फलकावर लिहायचे आणि पुनःपुन्हा सांगायचे. हेतू चांगला होता. परंतु चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईची वाट पाहणाऱ्या वृद्धेला 'तुमची आई वारली' हे रोज नव्याने सांगणे म्हणजे तिला रोज नव्याने पोरके करणे होते. क्लीव्हलंडमधील नाओमी फाइल यांनी याच अनुभवातून वेगळी वाट काढली. आई आहे की नाही हा वाद न घालता, आईची आठवण का होत आहे, हे विचारावे. म्हणण्याच्या खरेखोटेपणापेक्षा त्यामागच्या भावनेला दुजोरा द्यावा, अशी त्यांची पद्धत होती. ही पद्धत १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या परिणामकारकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तिच्यामुळे चुकलेल्या वाक्यालाही अर्थ असतो हे मान्य झाले.

किटवुड : माणूस आधी

या विचाराला सैद्धांतिक बैठक दिली ती इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड (१९३७-१९९८) यांनी. कॅथलीन ब्रेडिन यांच्यासमवेत १९९२ मध्ये लिहिलेला त्यांचा निबंध आणि १९९७ चा 'डिमेन्शिया रीकन्सिडर्ड' हा ग्रंथ या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ मेंदूतील बिघाड नव्हे. व्यक्तिमत्त्व, जीवनकथा, शारीरिक प्रकृती आणि भोवतालचे सामाजिक मानस यांच्याशी त्या बिघाडाचा गुणाकार-बेरीज होऊन माणसाची अवस्था ठरते, असे त्यांचे प्रतिपादन. यांपैकी शेवटच्या घटकावर त्यांचा भर होता. वृद्धाश्रमांत त्यांनी जे पाहिले त्याला त्यांनी 'घातक सामाजिक मानस' असे नाव दिले आणि त्याचे १७ प्रकार नोंदवले. फसवून नेणे, मूल समजून वागवणे, शिक्का मारणे, त्याला झेपणार नाही अशा वेगाने बोलणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणे, थट्टा करणे हे त्यांतले काही. हे करणारी माणसे दुष्ट नसतात, बहुतेकदा मायाळूच असतात. दोष वारशाने आलेल्या रीतीचा असतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

किटवुड यांच्या मते माणूसपण हा एक दर्जा आहे आणि तो इतरांनी संबंधांच्या चौकटीत आपल्याला दिलेला असतो. येथे त्यांनी मार्टिन बूबर यांच्या १९२३ च्या ग्रंथातील 'मी-तू' आणि 'मी-ते' या भेदाचा आधार घेतला. याचे महत्त्व कळण्यासाठी समोरचा पक्ष पाहावा लागेल. जॉन लॉक यांनी १६९४ मध्ये आपल्या निबंधात घातलेल्या प्रकरणापासून पाश्चात्त्य विचारात व्यक्तीची ओळख तिच्या स्मृतीशी जोडली गेली. आपल्याकडे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंश' हा शब्द येतो. तेथे तो आजाराचा वाचक नाही, क्रोधाने आलेल्या विवेकहीनतेचा आहे; पण स्मृती, मग बुद्धी, मग माणूस अशी नाशाची उतरंड तेथेही आहे. स्मृती गेली की माणूस गेला, ही धारणा अशी दोन्हीकडे खोल रुजलेली आहे. अमेरिकी नीतिचिंतक स्टीफन पोस्ट यांनी तर आकलनशक्तीलाच सर्वस्व मानणारा समाज म्हणून आधुनिक समाजावर टीका केली. किटवुड यांनी या धारणेला छेद दिला : ओळख एकट्याच्या डोक्यात साठवलेली नसते, ती दोघांच्या मध्ये असते. एकाचा हात सैल झाला, तर दुसऱ्याने ती अधिक घट्ट धरायची असते.

'मी', 'तू' आणि 'आपण'

वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाचे स्टीव्हन सबाट यांनी या विचाराला भाषिक पुरावा दिला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशी त्यांनी दीर्घकाळ संभाषणे केली. शब्द सापडत नसेल तेथे घाई न करता थांबून राहिले. २००१ च्या त्यांच्या ग्रंथात 'स्व'चे तीन पदर सांगितले आहेत. पहिला 'मी' या सर्वनामात व्यक्त होतो आणि तो आजार बराच पुढे गेल्यावरही टिकतो. दुसरा आपल्या गुणावगुणांचा. तिसरा सामाजिक भूमिकांचा : शिक्षक, आई, शेजारी. हा तिसरा 'स्व' दुसऱ्याच्या सहकार्याशिवाय उभाच राहत नाही. निवृत्त शिक्षकाला सगळे 'काय आजोबा' म्हणू लागले की त्यांच्यातला शिक्षक आजाराने जात नाही. संबोधन बदलल्याने जातो. मराठी घरांत हे विशेष जाणवावे. 'सर', 'अक्का', 'माई', 'अहो' ही आपल्याकडे निव्वळ हाकेची रूपे नाहीत. ती नात्यातली जागा सांगतात.

सर्वनामांचा दुसरा धडा २००९ मध्ये क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासातून मिळतो. शुश्रूषागृहांतील परिचारिका आणि रहिवासी यांच्या ८० चित्रफिती त्यांनी तपासल्या. लहान मुलांशी बोलावे तसे लाडिक बोलणे सुरू झाले, की स्मृतिभ्रंश झालेली माणसे अंघोळीला, कपडे बदलायला अधिक विरोध करतात, असे त्यांना आढळले. ज्याला आपण आजाराचा चिडखोरपणा म्हणतो, तो पुष्कळदा अपमानाला दिलेला जाब असतो. अशा लाडिक बोलण्याची एक खूण म्हणून संशोधक 'तुम्ही'च्या जागी केलेला 'आपण'चा वापर दाखवतात. मराठीत हे फारच स्पष्ट होते. 'चला, आपण गोळी घेऊ या हं' या वाक्यात गोळी एकालाच घ्यायची असते. तो 'आपण' खोटा आहे. 'चला, आपण शेंगा सोलू या' म्हणून शेजारी बसून सोललेल्या शेंगांतला 'आपण' खरा आहे. समावेशक 'आपण' आणि वगळणारा 'आम्ही' असा भेद करणारी भाषा आपल्याला लाभली आहे. देखभालीतला संबंध खरा की खोटा, हे ओळखण्याची कसोटी तिच्यातच आहे.

आणि 'मी' म्हणणारेही पुढे आले. ऑस्ट्रेलियाच्या क्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. १९९८ मध्ये त्यांनी आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले, २००५ मध्ये दुसरे. २००३ मध्ये अल्झायमर संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मंडळावर त्या निवडून गेल्या. ज्यांच्याविषयी बोलले जात होते, ते स्वतः बोलू लागले.

व्यक्तीकडून संबंधाकडे

१९९४ मध्ये अमेरिकेतील प्यू-फेट्झर कार्यगटाने वैद्यकीय शिक्षणासाठी 'संबंधकेंद्री' शुश्रूषेची कल्पना मांडली. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या माइक नोलन आणि सहकाऱ्यांनी तिला वृद्धांच्या देखभालीत आकार दिला. २००४ च्या निबंधात त्यांनी 'व्यक्तिकेंद्री' या शब्दाचीच मर्यादा दाखवली : एकच व्यक्ती केंद्रस्थानी ठेवली, की देखभाल करणारी व्यक्ती परिघावर जाते, साधन होते. सुरक्षितता, आपलेपणा, सातत्य, प्रयोजन, कृतार्थता आणि आपण कोणाला तरी मोलाचे आहोत ही जाणीव, या सहा जाणिवा आजाऱ्याला हव्यात, तशाच मुलीला, सुनेला आणि पगारी सेविकेलाही हव्यात, असे त्यांचे म्हणणे. स्वतःला असुरक्षित वाटणारी सेविका दुसऱ्याला सुरक्षितता कोठून देणार?

याच काळात 'सजगता' हा शब्दही या क्षेत्रात आला. किटवुड यांच्या गटाने तयार केलेल्या निरीक्षणपद्धतीत निरीक्षक काही तास एका दालनात बसून दर पाच मिनिटांनी नोंद करतो : या माणसाला या क्षणी कसे वाटत असावे? ही सजगतेची शिस्तच होय. सजगतेसाठी इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, तो ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये पाली 'सति'च्या भाषांतरासाठी योजला. 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'. अष्टांगिक मार्गातील 'सम्यक स्मृती' ही तीच. जे आजाऱ्याने गमावले आणि जे देखभाल करणाऱ्याने कमवायचे, त्या दोहोंना एकच शब्द आहे. एकाची स्मृती जाते, तेव्हा दुसऱ्याची 'स्मृती', म्हणजे अवधान, तिथे उभी राहावी लागते.

'बिघडलेले कुटुंब' आणि सुनेचा प्रश्न

मात्र हा विचार आपल्याकडे आणताना एक धोका ओळखायला हवा. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी बनारसमध्ये केलेल्या अभ्यासावर आधारलेला 'नो एजिंग इन इंडिया' हा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हातारी माणसे 'सठिया' गेली, की भारतीय चर्चेत दोष मेंदूकडे न जाता 'बिघडलेल्या कुटुंबा'कडे जातो, असे त्यांना दिसले : मुले सेवा करत नाहीत, सुना पाहत नाहीत, पश्चिमेचे वारे लागले. येथे संबंध आधीच केंद्रस्थानी आहे. पण तो आरोपाच्या रूपात. 'घातक सामाजिक मानस' ही संकल्पना या मातीत जशीच्या तशी रुजली, तर तिचे पहिले लक्ष्य सूनच होईल.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. केरळमध्ये १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर संघटनेसारखे प्रयत्न आहेत; पण बहुतेक देखभाल घरीच होते आणि ती बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांना 'सजग राहा, प्रेमाने ऐका' असा उपदेश करणे सोपे आहे. ऐकायला वेळ लागतो. वेळेला दुसरे दोन हात लागतात. हातांना वेतन, रजा आणि झोप लागते. संबंधकेंद्री शुश्रूषा ही प्रथम व्यवस्थेची जबाबदारी आहे, हे नोलन यांच्या मांडणीतले मर्म गाळले, तर उरते ते फक्त जुने सेवाधर्माचे कीर्तन.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या मराठी चित्रपटाने हा पेच फार समंजसपणे हाताळला आहे. संस्कृतचे निवृत्त पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. लेक इरा (इरावती हर्षे) त्यांना शोधत राहते. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) हिला या म्हाताऱ्याची विद्वत्ता ठाऊक नाही, पूर्वेतिहास ठाऊक नाही. तिला समोरचा भुकेला माणूस दिसतो आणि त्यांना तिच्यात आई दिसते. चित्रपट चन्नम्माला थोर करण्यासाठी इराला हलके करत नाही. वडील कोण होते हे इराला पुरेपूर ठाऊक आहे, म्हणून तिचे दुःख अधिक आहे. चन्नम्माला ते ओझे नाही. जुनी ओळख जपणारे नाते आणि आत्ताच्या माणसाला भेटणारे नाते, दोन्ही लागतात.

साहित्याच्या वर्गाचे काम

शेवटी आपल्या विद्याशाखेकडे. अमेरिकेतील मिलवॉकी येथील नाट्याभ्यासक ॲन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात 'टाइमस्लिप्स' हा उपक्रम सुरू केला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या गटासमोर एक चित्र ठेवायचे आणि 'हे आठवते का?' असे न विचारता 'येथे काय चालले असेल?' असे विचारायचे. जे उत्तर येईल ते लिहून घ्यायचे आणि गटाला वाचून दाखवायचे. स्मरणाची परीक्षा गेली आणि कल्पनेचे दार उघडले. चुकीचे उत्तर तेथे असूच शकत नाही.

अल्झायमर यांच्या धारिकेशी हे ताडून पाहावे. तेथेही प्रश्न होते, उत्तरे होती, लिहून घेणारा होता. फरक एवढाच, की येथे लिहून घेतलेले वाक्य बोलणाऱ्याला परत मिळते. साहित्याच्या विद्यार्थ्याला तुटके वाक्य, अपुरी कथा, अविश्वसनीय निवेदक यांच्याशी धीराने वागण्याचे शिक्षण वर्षानुवर्षे दिले जाते. संहितेतील विसंगतीला तो चूक म्हणत नाही, तिचा अर्थ लावतो. हे कौशल्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर कोठे उपयोगी पडते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. ज्यांच्या घरात एखादी वृद्ध व्यक्ती तोच प्रश्न दहाव्यांदा विचारत आहे, त्यांना त्याचे उत्तर देणे अवघड जाऊ नये. दहाव्यांदा आलेला प्रश्न विचारणाऱ्यासाठी पहिलाच असतो; त्याला अकराव्या वेळीही पहिल्यासारखे ऐकून घेणे, हा शुश्रूषेचा मूळ अर्थ आहे.